व्हॉयेजरच्या पंच्याहत्तर वर्षांचा ताळा लागत नाही

हिशेबनीस
शनिवार, रात्री ११.४०

पेशाने मी हिशेब तपासणारा माणूस. दोन आकडे समोर आले की हात आपोआप कॅल्क्युलेटरकडे जातो, त्यामुळे मालिका बघताना घरचे माझ्या शेजारी बसत नाहीत. यंदा दिवाळीच्या सुट्टीत भाचा आलाय, नववीत आहे. त्याला 'स्टार ट्रेक : व्हॉयेजर' दाखवायला घेतलं आणि पहिल्याच भागात गाडं अडलं.

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: व्हॉयेजर नावाचं यान आकाशगंगेच्या पार पलीकडे फेकलं जातं, पृथ्वीपासून ७०,००० प्रकाशवर्षं लांब. कॅप्टन जेनवे सांगते की कमाल वेगाने गेलो तरी घरी पोचायला ७५ वर्षं लागतील. भाच्याने पॉज केलं आणि म्हणाला, "मामा, म्हणजे प्रकाशाच्या ९३३ पट." बरोबर आहे. सत्तर हजार भागिले पंच्याहत्तर.

पण त्याच भागात आधी यानाची ओळख करून देताना सांगितलंय की हे यान वॉर्प ९.९७५ चा वेग टिकवून धरू शकतं (वॉर्प म्हणजे या मालिकांतलं प्रकाशापेक्षा जास्त वेगाचं माप). वॉर्पचा छापील तक्ता काढला. वॉर्प ९ म्हणजे प्रकाशवेगाच्या १,५१६ पट, ९.९ म्हणजे ३,०५३ पट, ९.९९ म्हणजे ७,९१२ पट. आपलं ९.९७५ या शेवटच्या दोघांच्या मधे कुठेतरी. म्हणजे घर लांबात लांब तेवीस वर्षांवर, जवळात जवळ नऊ वर्षांवर. पंच्याहत्तर आली कुठून? ९३३ पट म्हणजे तर वॉर्प ८ सुद्धा नाही, वॉर्प ८ ला १,०२४ पट होतात.

इथवरही मी सोडून दिलं असतं. दुसऱ्या सीझनच्या पहिल्याच भागात, 'द थर्टी-सेव्हन्स'मध्ये, यांना अमेलिया इअरहार्ट सापडते. तीच ती, १९३७ साली विमानासकट बेपत्ता झालेली वैमानिक. वैमानिकच ती, वेग विचारणारच. व्हॉयेजरचा चालक टॉम पॅरिस तिला सांगतो: वॉर्प ९.९, तुमच्या हिशेबाने सेकंदाला सुमारे चार अब्ज मैल. प्रकाश सेकंदाला १,८६,२८२ मैल जातो. भागून बघा, साधारण २१,५०० पट येतात. या वेगाने सव्वातीन वर्षांत घरी!

एकाच यानाचे तीन वेग: ९३३ पट, तीन ते आठ हजार पट, साडेएकवीस हजार पट. असं खातं माझ्या टेबलावर आलं असतं तर मी सही केली नसती. कुणाला ताळा लागतोय का?

तुर्रमखान
शनिवार, रात्री ११.५२

मी पयला. पॉपकॉर्न घेऊन बसलोय. उपअवकाश यांना कुणीतरी उठवा रे.

उपअवकाश
रविवार, रात्री १२.३५

जागाच आहे.

हिशेबनीस, आधी एक गोष्ट साफ करू. वॉर्पच्या पट्ट्या दोन आहेत आणि अर्धी भांडणं त्या एकमेकांत मिसळल्यामुळे होतात.

पहिली पट्टी जुन्या मालिकेची, १९६६ ते ६९ ची. वॉर्पच्या आकड्याचा घन करायचा, संपलं. वॉर्प २ म्हणजे ८ पट, वॉर्प ६ म्हणजे २१६ पट, वॉर्प ८ म्हणजे ५१२ पट. वर मर्यादा नाही, त्यामुळे वॉर्प १४ वगैरे ऐकायला मिळतं.

दुसरी १९८७ ची, 'नेक्स्ट जनरेशन' या पुढच्या मालिकेची. स्टार ट्रेकचे जनक जीन रॉडनबेरी यांना वॉर्पचे आकडे वाटेल तसे फुगत गेलेले नको होते. त्यांचं म्हणणं, वॉर्प १० ला अंत ठेवा, तिथे वेग अनंत. मग मालिकेचे कलाकार मायकल ओकुडा यांनी नवा तक्ता बसवला. वॉर्प ९ पर्यंत वेग घनापेक्षा थोडा जास्त चढतो (घातांक तीनच्या जागी तीन पूर्णांक एक तृतीयांश धरा, जमतंय) आणि ९ ते १० च्या मधे रेघ एकदम उभी आकाशाला भिडते. हा शेवटचा तुकडा कुठल्याही सूत्राचा नाही. ओकुडांनी तो चक्क हाताने काढलाय. म्हणून ९.९७५ ला नक्की किती पट, यावर चाहत्यांचे चार तक्ते आणि चार उत्तरं. जो तो आपापल्या वळणाने ती रेघ ओढतो.

तेव्हा तुमच्या तीनातला मधला आकडा मुळातच रबरी आहे. ९३३ मात्र पक्का, कारण तो पडद्यावरच्या संवादातून येतो. आणि ती चार अब्ज मैलांची थाप आहे. पॅरिस बाईंवर छाप पाडत होता.

हिशेबनीस
रविवार, रात्री १२.४८

छाप पाडायला सात पट?

तुर्रमखान
रविवार, रात्री १२.५०

काका, लग्न जमवताना पगार किती सांगितला होतात?

हिशेबनीस
रविवार, रात्री १२.५५

विषयांतर नको.

जुनं खोड
रविवार, सकाळी ७.१०

पोरांनो, तुमचं व्हॉयेजर मी पाहिलेलं नाही. आमचा स्टार ट्रेक म्हणजे रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागायचा तो. आख्ख्या वाड्यात एक टीव्ही, पुढे सतरंजी, आणि इंग्रजी कुणालाच धड कळत नसल्यामुळे स्पॉक नावाच्या अधिकाऱ्याचे टोकदार कान हाच मुख्य विषय. वेग किती याची चौकशी कुणी केली नाही. दार उघडलं की नवा ग्रह यायचा.

मागच्या वर्षी मुलाने सगळे भाग आणून दिले, आता सबटायटल लावून बघतो. तुमचा ताळा सात पटीने चुकतोय म्हणून रडताय, आमच्याकडचा ऐका. 'दॅट विच सर्व्हाइव्ज' नावाचा १९६९ चा भाग. आमच्या मालिकेतलं यान एंटरप्राइज. ती एका झटक्यात ९९०.७ प्रकाशवर्षं लांब फेकली जाते. परतायचंय. वॉर्प ८.४. सुकाणूवरची मुलगी सांगते, साडेअकरा तास लागतील. त्यावर स्पॉक काय म्हणतो? अकरा पूर्णांक तीनशे सदतीस सहस्रांश तास, आणि तू जरा नेमकं बोलत जा.

आता करा हिशेब. माझा चष्मा सापडत नाहीये.

हिशेबनीस
रविवार, सकाळी ७.४२

काका, दंडवत. चहा गार झाला तुमच्यापायी.

९९०.७ प्रकाशवर्षं ११.३३७ तासांत म्हणजे प्रकाशवेगाच्या सुमारे ७,६६,००० पट. आणि ८.४ चा घन ५९३. गुणोत्तर १,२९२!

स्पॉकला तासाचे सहस्रांश हवेत आणि मूळ रक्कम तेराशे पटीने चुकलेली. असे कारकून मी पाहिलेत. पै-पैचा हिशेब चोख, फक्त तीन शून्यं गायब.

उपअवकाश
रविवार, सकाळी ९.०५

हा १,२९२ आकडा लक्षात ठेवा. १९८० साली स्टार ट्रेकच्या ताऱ्यांच्या नकाशांचा एक संच निघाला होता. त्यात चाहत्यांच्या शंकेला उत्तर म्हणून एक जादाचा गुणक दिलाय. कल्पना अशी की अवकाश सगळीकडे सारखं नसतं. ताऱ्यांच्या गर्दीत वॉर्पने गेलात की घनाच्या कितीतरी पट जास्त वेग मिळतो, मोकळ्या पोकळीत नुसता घन. फेडरेशनच्या (पृथ्वी ज्यात आहे त्या ग्रहसंघाच्या) हद्दीतल्या त्या गुणकाची सरासरी किती दिली असेल? १,२९२ आणि वर काही दशांश.

म्हणजे नकाशेवाल्यांनी बहुधा हाच भाग घेऊन हाच भागाकार केला आणि आलेल्या चुकीला निसर्गनियमाचा दर्जा दिला.

हिशेबनीस
रविवार, सकाळी ९.११

आमच्यात याला सस्पेन्स खातं म्हणतात. जुळत नाही ते तिथे टाकायचं.

चिंचबोर
रविवार, सकाळी १०.२०

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). सस्पेन्स खातं!!

अर्धवटराव
रविवार, सकाळी ११.३३

इतकं डोकं लावण्यापेक्षा 'स्टार वॉर्स' बघा की. मिलेनियम फाल्कन या यानाने केसेल रन नावाची अवघड फेरी बारा पार्सेकच्या आत मारली. विषय संपला. आमचं यान तुमच्यापेक्षा वेगवान.

मंजिरी
रविवार, दुपारी १२.०२

अर्धवटराव, पार्सेक अंतराचं माप आहे, वेळेचं नाही. एक पार्सेक म्हणजे सव्वातीन प्रकाशवर्षं. तुमचं वाक्य "मी पुणे-मुंबई दीडशे किलोमीटरच्या आत मारली" असं झालं.

अर्धवटराव
रविवार, दुपारी १२.१५

तेच तर! कृष्णविवरांच्या जवळून शॉर्टकट मारला, म्हणून अंतर कमी झालं. २०१८ च्या 'सोलो'मध्ये दाखवलंय.

मंजिरी
रविवार, दुपारी १२.१९

१९७७ साली केलेली चूक निस्तरायला एकेचाळीस वर्षं लागली. स्टार ट्रेकवाले निदान त्याच दशकात नकाशे तरी काढून मोकळे होतात.

उपअवकाश
रविवार, दुपारी १२.२५

(१९६९ चा भाग, १९८० चे नकाशे. अकरा वर्षं. नेमकं बोलत जा.)

संपादक
रविवार, दुपारी १.००

'स्टार वॉर्स' की 'स्टार ट्रेक' यासाठी वेगळा धागा आहे, त्यावर साडेचारशे प्रतिसाद आहेत आणि तो कुलूपबंद आहे. इथे व्हॉयेजरबद्दल बोला.

लालपरी
रविवार, दुपारी ३.४५

पहिल्यांदाच लिहितोय, सांभाळून घ्या.

माझे वडील एसटीत चालक होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्या गाडीत केबिनला टेकून बसायचो. हा धागा वाचताना मला सारखं वाटतंय की तुम्ही लोक स्पीडोमीटर आणि वेळापत्रक यात गल्लत करताय.

सातारा ते स्वारगेट ११० किलोमीटर. मोकळ्या रस्त्यावर गाडी सत्तर-पंच्याहत्तरने सहज जाते. पण वडील कुणालाही दीड तास सांगायचे नाहीत, पावणेतीन-तीन तास सांगायचे. कारण मधे खंबाटकीचा घाट आहे, शिरवळला थांबा आहे, हात दाखवणारी म्हातारी आहे, वळणावर ट्रक आडवा आहे. म्हणजे सरासरी चाळीसच्या खाली. गाडी खोटी नाही, वडीलही खोटे नाहीत.

व्हॉयेजरचं तेच. यांना वाटेत ड्युटेरियम हे इंधन भरायचं असतं, इंजिनाला लागणारे डायलिथियमचे स्फटिक शोधायचे असतात, दर आठवड्याला कुणीतरी भांडायला आडवं येतं. जेनवे तर एका भागात कॉफीसाठी तेजोमेघात शिरली होती ('द क्लाउड'). शिरवळचा चहाच तो. हिशेबनीसकाका, तुमच्या तक्त्यातला वॉर्प ९.९ धरा, ३,०५३ पट. त्यातून ९३३ सरासरी काढायची तर दिवसाला किती तास गाडी पळवावी लागेल? मी काढलं: सात तास वीस मिनिटं. बाकीचा वेळ थांबे.

एका चालकाची ड्युटी होते तेवढी.

चिंचबोर
रविवार, दुपारी ३.५८

+१. धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. लिहिते राहा.

जुनं खोड
रविवार, संध्याकाळी ४.३०

वडिलांना आमचा नमस्कार सांगा. मी नोकरीत असताना दर शनिवारी मुक्कामी गाडीने गावी जायचो. पाच वाजता सुटते म्हणायचे, आणि सुटायची पाचलाच. कधी पोचेल ते मात्र विचारायचं नाही.

उपअवकाश
रविवार, संध्याकाळी ६.१४

लालपरी, उपमा झकास, पण एक अडचण आहे. जेनवे "थांबत थांबत गेलो तर" म्हणत नाही. ती म्हणते, कमाल वेगाने गेलो तरी. तुमचे वडील "टॉप गिअरमध्ये नेली तरी तीन तास" असं म्हणाले असते का?

लालपरी
रविवार, संध्याकाळी ६.४०

म्हणाले असते. प्रवासी फार कटकट करायला लागला की हेच म्हणायचे.

पण तुमचा मुद्दा कळला. विचार करतो.

मंजिरी
रविवार, रात्री ८.०५

थोडं अवांतर, पण भाच्याला उपयोगी पडेल म्हणून. त्याला प्रश्न पडला असेल की प्रकाशापेक्षा जास्त वेग शक्यच नाही, मग ९३३ पट काय आणि २१,५०० पट काय.

वॉर्पची गोम अशी की यान स्वतः प्रकाशाला मागे टाकत नाही. यानाभोवतीचं अवकाश पुढून आक्रसतं, मागून प्रसरण पावतं, आणि मधल्या बुडबुड्यात यान जागच्या जागी. सरकत्या पट्ट्यावर उभं राहिल्यासारखं. म्हणून यांची घड्याळंही घरच्या घड्याळांशी जुळतात, नाहीतर जेनवेला कमी आणि पृथ्वीवरच्यांना जास्त वर्षं मोजावी लागली असती आणि हिशेबनीसांना दोन वह्या ठेवाव्या लागल्या असत्या. १९९४ साली मेक्सिकन भौतिकशास्त्रज्ञ मिगेल अल्कुबिएरे यांनी दाखवून दिलं की सापेक्षतेच्या समीकरणांत असा बुडबुडा मांडता येतो. मांडता येतो, करता येत नाही. त्याला ऋण ऊर्जा लागते आणि तीही अवाढव्य प्रमाणात, म्हणजे दुकानात मिळत नाही.

बाय द वे, खऱ्या व्हॉयेजरचं काय? १९७७ साली सुटलेलं व्हॉयेजर १ सेकंदाला सतरा किलोमीटरने चाललंय. जवळजवळ पन्नास वर्षांत त्याने गाठलेलं अंतर अजून एका प्रकाशदिवसाच्या घरात आहे. वर्ष नव्हे हो, दिवस. जुन्या एंटरप्राइजने वॉर्प ६ ला, २१६ पटीने, ते सात मिनिटांत कापलं असतं.

हिशेबनीस
रविवार, रात्री ८.३०

सात मिनिटांचं भाच्याने पडताळून पाहिलं. ६.६७ म्हणाला. तुम्ही जरा नेमकं बोलत जा.

तुर्रमखान
रविवार, रात्री ८.३३

संपूर्ण धागा स्पॉक झालाय.

उपअवकाश
रविवार, रात्री १०.२०

मंजिरी, तुमच्यावरून आठवलं. सगळीकडेच घोळ नाहीये. २००१ च्या 'एंटरप्राइज' मालिकेत पहिल्या भागात बढाई आहे: वॉर्प ४.५, नेपच्यूनला जाऊन परत, सहा मिनिटांत. नेपच्यूनपर्यंत प्रकाशाला चार तासांच्या वर थोडी मिनिटं लागतात. जाऊन येऊन ५०० मिनिटं धरा. सहाने भागा. ८३ पट. आणि ४.५ चा घन? ९१. लेखकाने कागद-पेन्सिल घेऊन केलेलं गणित आहे हे. मला तर डोळ्यांत पाणी आलं होतं.

हिशेबनीस
रविवार, रात्री १०.३१

वा! नऊ टक्क्यांचा फरक. यावर मी सही करेन.

चिंचबोर
रविवार, रात्री १०.४४

थांबा, पेन खाली ठेवा. त्याच भागात ते क्लिंगॉन या परग्रहवासीयांच्या ग्रहावर किती दिवसांत जातात? चार दिवस जायला, चार यायला. चार दिवस गुणिले ९१ म्हणजे ३६४ प्रकाशदिवस. म्हणजे क्लिंगॉन आपल्यापासून एका प्रकाशवर्षावर राहतात. सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे!

उपअवकाश
रविवार, रात्री १०.५०

मला ते आठवायचं नव्हतं.

हिशेबनीस
सोमवार, सकाळी ६.१५

रात्रभर झोप नाही. लालपरींनी "वेळापत्रक" म्हटल्यापासून एक गोष्ट डोक्यात घोळत होती. कमाल वेगाचे आकडे सोडून दिले आणि मालिकेत जिथे जिथे "इतका शॉर्टकट मिळाला, इतकी वर्षं वाचली" असं म्हटलंय तेवढेच वेचले. भाचा पुढचे भाग मला सांगू देत नाही, त्यामुळे तो झोपल्यावर.

'द गिफ्ट': केस नावाची यानावरची मुलगी यानाला ९,५०० प्रकाशवर्षं पुढे ढकलते, दहा वर्षं वाचली. वर्षाला ९५०.
'नाइट': २,५०० प्रकाशवर्षांची काळोखी पोकळी, ओलांडायला दोन वर्षं. वर्षाला १,२५०.
'डार्क फ्रंटियर': बोर्ग या शत्रूंकडून पळवलेल्या यंत्राने २०,००० प्रकाशवर्षं, पंधरा वर्षं वाचली. वर्षाला तेराशेच्या वर.
आणि मूळचं: ७०,०००, ७५ वर्षं. वर्षाला ९३३.

दिसतंय का? तीन-चार सीझन, वेगवेगळे लेखक, आणि आकडा हजाराच्या आगेमागेच फिरतोय. म्हणजे लेखकांच्या खोलीत कुणीतरी फळ्यावर लिहून ठेवलं असणार: एक वर्ष म्हणजे हजार प्रकाशवर्षं. वॉर्पचा तक्ता कुणी उघडत नव्हतं. आमच्याकडे जुने मुनीम असेच होते. टक्केवारीचं पुस्तक कपाटात, तोंडी हिशेब "शेकडा एवढे", आणि वर्षअखेरीला फारसा फरक पडायचा नाही.

म्हणजे व्हॉयेजरचं खातं आतल्या आत जुळतं. चार अब्ज मैलवाला पॅरिस तेवढा बाहेरचा.

चिंचबोर
सोमवार, सकाळी ८.४०

हे भारी आहे. पण मग प्रश्न तसाच राहिला ना काका? हजारच का? यंत्र जर तीन हजाराच्या पुढे पळतंय तर वर्षाला हजार का धरायचे?

हिशेबनीस
सोमवार, दुपारी १.२०

भाचा शेजारी बसलाय, टाइप तोच करतोय, मी फक्त शुद्धलेखन बघतोय:

"नमस्कार. मी भाचा. 'नेक्स्ट जनरेशन'च्या एंटरप्राइजचं तांत्रिक पुस्तक आहे, स्टर्नबाख आणि ओकुडा यांचं, १९९१ चं. मामाकडे आहे, मी वाचतोय. त्यात दिलंय की ते यान वॉर्प ९.६ ने बारा तासच जाऊ शकतं. नंतर इंजिनाला विश्रांती. वॉर्प ९.६ म्हणजे १,९०९ पट. समजा बारा तास पळवलं आणि बारा तास बंद ठेवलं. तर सरासरी १,९०९ भागिले २ म्हणजे ९५४.५ पट. जेनवेचे ९३३ आणि केसचे ९५० याच्या अगदी जवळ आहे. म्हणजे 'कमाल वेगाने गेलो तरी' हे पण खरं आणि ७५ वर्षं पण खरी."

(मी काहीही मदत केलेली नाही. — मामा)

लालपरी
सोमवार, दुपारी १.३१

बारा तास चालवा, बारा तास गार होऊ द्या. भाऊ, तू डेपोत कामाला ये!

जुनं खोड
सोमवार, दुपारी २.००

शाब्बास रे पठ्ठ्या. बक्षीस म्हणून चकलीचा डबा लागू.

उपअवकाश
सोमवार, संध्याकाळी ७.१५

भाच्या, गणित सुंदर आहे आणि मला मोडायला जिवावर येतंय. पण तू नववीत आहेस, लहान मुलासारखं "हो हो छान" म्हणणं बरं नाही.

एक: ते बारा तास एंटरप्राइज-डीचे ('नेक्स्ट जनरेशन'मधल्या यानाचे) आहेत, व्हॉयेजरचे नाहीत. व्हॉयेजर नवं यान आहे, त्याच्याबद्दल उलट "टिकवून धरता येणारा वेग" असे शब्द आहेत.

दोन: त्याच एंटरप्राइज-डीचा १९८९ चा 'क्यू हू' भाग बघ. क्यू नावाचा सर्वशक्तिमान जीव त्यांना ७,००० प्रकाशवर्षं लांब फेकतो. यानावरचा यंत्रमानव डेटा सांगतो, जवळच्या तळावर पोचायला कमाल वेगाने दोन वर्षं, सात महिने, तीन दिवस, अठरा तास. वर्षाला किती झाले? २,७०० प्रकाशवर्षं. तुझ्या विश्रांतीच्या हिशेबाने सात वर्षांच्या वर लागायला हवी होती.

तीन: १९८७ चा 'व्हेअर नो वन हॅज गॉन बिफोर'. तेच यान २७ लाख प्रकाशवर्षं लांब दुसऱ्या दीर्घिकेत जातं, परत यायला तीनशे वर्षांच्या वर सांगतात. वर्षाला ९,०००!

म्हणजे एकाच एंटरप्राइजचे दोन सीझनमध्ये नऊ हजार आणि सत्तावीसशे. त्या मानाने व्हॉयेजर फारच शिस्तीचं.

हिशेबनीस
सोमवार, रात्री ८.०२

भाचा म्हणतो, "काका, मग जितकं लांब फेकाल तितका परतीचा वेग जास्त, असा नियम दिसतोय." ७,००० ला २,७०० आणि २७ लाखांना ९,०००.

उपअवकाश
सोमवार, रात्री ८.०९

हा खरं तर नियमच आहे. 'बॅबिलॉन ५' या दुसऱ्या अवकाशमालिकेच्या कर्त्याला कुणी यानांचा वेग विचारला की तो सांगायचा, कथानकाच्या वेगाने जातात. पण तुमचा भाचा ते आलेखाने सिद्ध करेल असं दिसतंय.

चिंचबोर
सोमवार, रात्री ८.३०

एक शंका. 'नेक्स्ट जनरेशन'मध्येच १९९३ च्या एका भागात वॉर्पमुळे अवकाशाला तडे जातात म्हणून वॉर्प ५ ची वेगमर्यादा घातली होती ना? मग व्हॉयेजर ९.९७५ ने जायलाच कसं परवानगी?

लालपरी
सोमवार, रात्री ८.४१

डेल्टा क्वाड्रंटमध्ये (व्हॉयेजर अडकलंय त्या आकाशगंगेच्या भागात) आरटीओ नाही.

तुर्रमखान
सोमवार, रात्री ८.४२

ह ह पु वा

हिशेबनीस
सोमवार, रात्री ११.१०

उद्या भाच्याची गाडी आहे, त्यामुळे खातं आजच बंद करतोय. माझा शेरा असा: ९३३ ग्राह्य. नऊशे ते तेराशेची नोंद ग्राह्य, फरक किरकोळ. वॉर्प ९.९७५ ही नोंद कंपनीच्या माहितीपत्रकातली धरावी, जशी गाडीचं ॲव्हरेज माहितीपत्रकात असतं तशी. पॅरिसचे चार अब्ज मैल सस्पेन्स खात्यात. स्पॉकचे ९९०.७ मी उघडूनही बघणार नाही.

शेवटच्या भागाबद्दल इथे कुणी लिहू नये ही विनंती. त्याच्या डोक्यात अजून पंच्याहत्तर वर्षं आहेत. एकूण सीझन सात आहेत हे त्याला माहीत आहे, ७०,००० भागिले ७ त्याने अजून केलेलं नाही.

मंजिरी
सोमवार, रात्री ११.१८

केलं असणार. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून बोलत नसेल.

लालपरी
मंगळवार, सकाळी ९.५०

काल रात्री वडिलांना शेजारी बसवून कॉफीवाला भाग दाखवला. इंग्रजी असल्याने मी सांगत होतो. शेवटपर्यंत गप्प बसले. मग म्हणाले, "ही बाई सारखी लॉगशीट तोंडी भरते. तारीख सांगते, काय काय झालं ते सांगते. सुटतानाचं किलोमीटर नाही, पोचल्याचं किलोमीटर नाही. कंट्रोलर ही शीट जमाच करून घेणार नाही."

हिशेबनीस
मंगळवार, सकाळी ९.५६

लालपरी, वडिलांना फोन द्या.